बापाचे जागरण

सुभेदार रामजी सकपाळ परळच्या एका खोलीत शाळकरी भीमरावांना लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्यांना अभ्यासाला उठवून आडवे होत. पुस्तकाला पैसे नसले की विवाहित मुलींकडून उसने घेत. प्रसंगी त्यांचा दागिना गहाण टाकीत व पेन्शन आल्यावर सोडवीत. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला. हे आपण दर जयंतीला सांगतो. आम्ही बपेऱ्याचे बाप मात्र बँकेतून, शेतातून आलो की "गोंगाट करू नका" एवढेच म्हणतो. परवा धाकटी पाढ्यांची वही घेऊन आली. "आईला दाखव," आम्ही म्हणालो. ती परत आलीच नाही. आता जेवणानंतर टीव्ही बंद करून आम्ही अर्धा तास तिच्याजवळ बसतो. सतराच्या पाढ्याला दोघेही अडखळतो.