कवठाची जेली: लक्ष पळीवर ठेव

अगं, महाशिवरात्रीच्या सुमाराला कवठं आली की सगळी पिकलेलीच उचलू नकोस. वीतभर उंचीवरून फरशीवर टाकून बघ. टुणकन उसळलं तर कच्चं, धप्प बसलं तर पिकलेलं. चटणीला पिकलेलं बरं, पण जेलीला दोन्ही मिसळून घे. जेली धरते ती फळातल्या पेक्टिनवर, आणि फळ फार पिकलं की पेक्टिन तुटायला लागतं. वास पिकलेल्याचा, पकड गद्दर कवठाची.

गर बुडेल एवढं पाणी घालून मंद आचेवर अर्धा तास शिजव. पातेलं स्टीलचं घे. आंबटाला अ‍ॅल्युमिनियम नको. मग मलमलीत बांधून रात्रभर टांगून ठेव. पुरचुंडी पिळायची नाही! तुझी आई अजून पिळते, म्हणून तिची जेली गढूळ.

साखर किती, ते रसालाच विचारायचं. गार रसाचा एक चमचा वाटीत घे, त्यात दोन चमचे स्पिरिट घालून हलकेच फिरव. अख्खा गोळा जमला तर वाटीला वाटी साखर. बारीक तुकडे झाले तर पाऊण वाटीच. तपासलेलं लगेच ओतून टाक, ते विषारी असतं. स्ट्रॉबेरीत असा गोळा मिळायचा नाही, तिला लिंबू आणि पेरूच्या रसाची सोबत लागते. कवठाला वरून आंबटही लागत नाही.

साखर विरघळली की आच मोठी कर. पळी बुडवून आडवी धर. आधी थेंब कडेवरून सुटे गळतात, फणीच्या दातांसारखे. थोड्या वेळाने दोन दात चिकटतात, केळ्याच्या फणीत एखादं जुळं असतं ना, तसे, आणि पापुद्र्यासारखे एकदमच पडतात. तिथेच गॅस बंद. थर्मामीटरवाले 105 अंश सांगतात, पण ते समुद्रकाठचं. महाबळेश्वरला पाणीच 96 च्या आसपास उकळतं, मग जेली 100-101 लाच होते. पळी दोन्हीकडे चालते.

एकदा मी घाई म्हणून दुप्पट रस एकाच पातेल्यात चढवला. तासभर रटरटला, पेक्टिन गेलं, हाती आली काकवी. महिनाभर पोळीशी खाल्ली सगळ्यांनी, तोंड वाकडं करत. तेव्हापासून एका वेळी चार वाट्या, तेही पसरट पातेल्यात.

बरणी सकाळपर्यंत हलवू नकोस. तिरकी करून बघावीशी वाटतेच. मला अजून वाटते.