शिक्षणाचे कर्ज आणि सेवेचा करार

तथागतांनी अनाथपिंडिक श्रेष्ठीला गृहस्थाची चार सुखे सांगितली : संपत्ती असण्याचे, तिचा उपभोग घेण्याचे, ऋणमुक्त असण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. यातील तिसऱ्या सुखाला पालीमध्ये ‘अनणसुख’ म्हणतात. उपसंपदा घेऊ इच्छिणाऱ्यालाही, तू ऋणमुक्त आहेस ना, असे संघासमोर विचारले जाते. धम्माने कर्जाचा प्रश्न इतक्या गांभीर्याने घेतला आहे. आज मात्र आपल्या वस्तीतील अनेक होतकरू मुले-मुली बी.एस्सी., बी.एड. होतात ती बँकेचा हप्ता डोक्यावर घेऊनच. गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्यांची सर्वत्र चणचण आहे. पण कर्ज फेडायचे म्हणून हीच मुले शाळा सोडून दुसरी नोकरी पत्करतात. यावर काही उपाय आहे काय, या दृष्टीने अमेरिकेतील व्यवस्थेचा विचार आम्ही येथे करीत आहोत. तिकडचे ते सर्व चांगले, असे समजण्याचे कारण नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला आणि आपली शाळा विज्ञानात मागे पडली, अशी भीती अमेरिकेला वाटली. १९५८ साली तेथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्याअन्वये विद्यार्थ्यांना अल्प व्याजाने कर्ज मिळू लागले आणि जो पदवीधर सरकारी शाळेत शिक्षक होईल त्याचे कर्ज दर वर्षाला एक दशांश, असे जास्तीत जास्त निम्मे माफ होऊ लागले. शिक्षकाच्या सेवेची किंमत कर्जाच्या खात्यात जमा करण्याची ही कल्पना तेव्हापासून तेथे रुजली. पुढे पर्किन्स कर्जाच्या बाबतीत गरीब वस्तीतील शाळेत किंवा शिक्षकांचा तुटवडा असलेल्या विषयात पाच वर्षे शिकवणाऱ्याचे संपूर्ण कर्ज माफ होत असे. ती नवी कर्जे देणे २०१७ मध्ये बंद झाले.

सध्याची मुख्य योजना अशी आहे. गरीब कुटुंबांतील मुले मोठ्या संख्येने असलेल्या, सरकारी यादीतील शाळेत सलग पाच शैक्षणिक वर्षे पूर्णवेळ शिकवले की माध्यमिक शाळेतील गणित किंवा विज्ञानाच्या आणि विशेष शिक्षणाच्या पात्र शिक्षकाला १७,५०० डॉलरपर्यंत कर्जमाफी मिळते. इतर विषयांच्या शिक्षकाला ५,००० डॉलरपर्यंत. हा फरक काहींना अन्यायाचा वाटेल. इतिहास शिकवणारा कमी कष्ट करतो असे थोडेच आहे? पण गणिताच्या पदवीधराला शाळेबाहेर चांगला पगार मिळतो, म्हणून तो शाळेत टिकत नाही, हे त्यामागचे कारण आहे. ‘सलग’ या शब्दाकडे मात्र वाचकांनी लक्ष द्यावे. माफी पाच वर्षे संपल्यावर मिळते. चौथ्या वर्षी नोकरी सोडणाऱ्याच्या हाती काही पडत नाही, आणि पहिल्या दोन वर्षांत, जेव्हा पगार सर्वांत कमी असतो, तेव्हा हप्ता भरण्याची चिंता त्याची त्यालाच.

दुसरी योजना २००७ च्या कायद्याने आली. तिचे नाव ‘टीच’ अनुदान. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत अनुदान द्यायचे आणि शिक्षण संपल्यानंतर आठ वर्षांच्या आत चार वर्षे त्याने गरीब वस्तीतील शाळेत गरजेचा विषय शिकवायचा. अट पुरी झाली नाही तर अनुदानाचे कर्ज होते आणि व्याज लागते ते रक्कम हाती पडल्या दिवसापासून. झाले असे की कित्येक शिक्षक ठरल्याप्रमाणे शिकवत होते, परंतु वार्षिक दाखला उशिरा पोहोचला किंवा त्यावर सही राहिली, एवढ्यावरून त्यांच्या नावे हजारो डॉलरचे कर्ज चढले. २०१८ मध्ये या प्रकाराचा मोठा गवगवा झाला, तेव्हा सरकारने फेरविचार करून अशा शिक्षकांना त्यांचे अनुदान परत मिळवून देण्याची सोय केली. सेवा केली शिक्षकाने आणि नापास झाला कागद!

सेवेच्या कराराची गोष्ट आपल्याला परकी नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी जून १९१३ मध्ये बडोदा संस्थानाशी असाच करार केला होता. दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या या मदतीने ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्यास रुजूही झाले. पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि नोकरी सोडून मुंबईस परतावे लागले. करार पाळण्यास बाबासाहेब तयार होते, परंतु तो पाळता येईल अशी परिस्थिती समाजाने ठेवली नव्हती. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या पगारातील शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांवर १९२० साली त्यांनी लंडनचे अपुरे शिक्षण पुन्हा हाती घेतले.

म्हणून कोणतीही योजना वाचताना आम्ही एकच प्रश्न विचारतो : ज्याच्याकडून सेवा मागितली, त्याला ती करता येईल याची काळजी कोणी घेतली आहे काय?

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात नवा शिक्षक प्रथम तीन वर्षे शिक्षणसेवक असतो. २०२३ पासून माध्यमिक शाळेत त्याचे मानधन दरमहा १८,००० रुपये ठरले आहे. समजा त्याने दोन लाखांचे कर्ज साडेदहा टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले. हप्ता साधारण ३,३७० रुपये येतो. तालुक्याच्या गावी खोलीचे भाडे, जाण्यायेण्याचा खर्च आणि घरी पाठवायचे पैसे उरलेल्या साडेचौदा हजारांत बसवायचे. कठीण काळ हाच आहे. अमेरिकेसारखी माफी पाच वर्षांनी मिळून या शिक्षकाचा काय उपयोग?

या तीन वर्षांचे हप्ते मिळून सव्वा लाखाच्या आतच भरतात. एखाद्या शहरातील नोकरदार बौद्ध बांधवांनी मिळून दरमहा दोनशे रुपये दिले, तर सतरा जणांत एका गणित-विज्ञान शिक्षकाचा हप्ता निघतो. पैसे त्याच्या हाती न देता थेट बँकेच्या कर्जखात्यात भरावेत. अट एवढीच असावी की त्याने गावातील किंवा वस्तीतील शाळेत शिकवावे. मध्येच नोकरी सुटली तर हप्ता त्या महिन्यापासून थांबवावा, मागचे पैसे परत मागू नयेत. आणि शिकवत असल्याचा शाळेचा दाखला दरवर्षी जून महिन्यात मंडळाच्या चिटणीसाने स्वतः जाऊन आणावा.