हिराकसाचे द्रावण ताजेच का वापरावे?

चुनखडीयुक्त जमिनीत ऊस, भुईमूग इत्यादी पिकांची कोवळी पाने पुष्कळदा पिवळी पडतात. शिरा मात्र हिरव्या राहतात. यास केवडा म्हणतात. अशा जमिनीत लोह नसते असे नव्हे. चुन्यामुळे ते पिकास घेता येत नाही. म्हणून हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेट, फवारतात. पाने करपू नयेत म्हणून काही ठिकाणी त्यात थोडी चुन्याची निवळी मिसळतात. असे द्रावण रात्रभर ठेवून फवारल्यास खर्च होतो, परंतु केवडा हटत नाही.

द्रावणात काय घडते?

हिराकसाचे द्रावण किंचित आम्ल असते. आम्लता असेपर्यंत लोह बराच काळ विरघळलेले राहते. चुन्याने आम्लता कमी होताच हवेतील प्राणवायूचा लोहाशी त्वरित संयोग होतो व गंजासारखे सूक्ष्म कण तयार होतात. प्रारंभी ते डोळ्यांस दिसतही नाहीत. पुढे ते एकमेकांस चिकटतात, द्रावण गढूळ होते व तळाशी तांबूस साका बसतो. या क्रियेत नवे आम्ल निर्माण होते. त्यामुळे चुना घालण्याचा हेतूही निष्फळ होतो.

साका जुना होतो तसतशी कणांची रचना घट्ट होत जाते. बारीक मीठ चटकन विरघळते, खडा उशिरा विरघळतो. तसेच येथे घडते. पान केवळ विरघळलेले लोह घेऊ शकते. म्हणून साका ढवळून वर आणला, तरी द्रावण ताजे होत नाही. उलट पानांवर डाग पडतात व पंपाची तोटी तुंबते.

प्रात्यक्षिक

ग्रामसेवकांनी 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस विरघळवून ते तीन काचेच्या पेल्यांत ओतावे. पहिल्यात लिंबाचा रस घालावा, दुसरा तसाच ठेवावा व तिसऱ्यात किंचित गढूळपणा येईपर्यंत चुन्याची निवळी घालावी. तिसऱ्यात प्रथम हिरवट गढूळपणा दिसेल व नंतर तांबूस साका बसेल. दुसरा हळूहळू पिवळसर होईल. पहिला सर्वांत अधिक काळ स्वच्छ राहील.

लक्षात ठेवावे

1. हिराकस हिरवट खड्यांचा घ्यावा. तपकिरी पूड झालेला घेऊ नये.
2. 100 लिटर पाण्यात 500 ग्रॅम हिराकस व 100 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवावे. या द्रावणात चुना मिसळू नये.
3. चुन्याची निवळी वापरावयाचीच असल्यास ती निराळ्या द्रावणात, फवारणीच्या अगदी वेळी मिसळावी.
4. द्रावण गाळून त्याच दिवशी, सकाळी अथवा सायंकाळी, कोवळ्या पानांवर फवारावे.
5. जुन्या पानांतील लोह नव्या पानांत फारसे जात नाही. म्हणून नवी पाने पिवळी दिसल्यास पुन्हा फवारणी करावी.

चुनखडीच्या जमिनीत नुसता हिराकस टाकल्यास पेल्यातील हीच क्रिया मातीत घडते. म्हणून तो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळूनच द्यावा.