मनाची चिकित्सा

शरीरास ताप आला की मनुष्य वैद्याकडे धाव घेतो. पण मन भयाने किंवा दुःखाने ग्रासले की ते लपविण्याकडे त्याचा कल असतो. पूर्वी तर अशा पीडितास भूतबाधा झाली असे समजून साखळदंडाने बांधून ठेवीत. मनाच्या व्यथेलाही कारण असते व ते शोधता येते, हे शिकविणारे शास्त्र म्हणजे चिकित्सा मानसशास्त्र होय.

1879 साली जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. त्यांचे शिष्य लाइटनर विटमर अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे अध्यापन करीत. 1896 साली एका शिक्षिकेने चौदा वर्षांच्या मुलास त्यांच्याकडे आणले. शुद्धलेखन त्यास काही केल्या जमत नसे. अशा मुलास ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. विटमरांनी मात्र त्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा त्याच्या दृष्टीत दोष आढळला. चष्मा मिळाला, जोडीला विशेष शिकवणी झाली आणि मुलाची प्रगती होऊ लागली. त्याच वर्षी विटमरांनी पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले. 1907 साली या शास्त्राचे नावही त्यांनीच रूढ केले. दुसऱ्या महायुद्धानंतर व्यथित सैनिकांच्या सेवेमुळे त्याचा मोठा विस्तार झाला.

भारतात 1954 साली बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली व पुढील वर्षी तेथे या विषयाचे शिक्षण सुरू झाले. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ रुग्णाचे शांतपणे ऐकून घेतो, चाचण्या घेतो आणि संवादातून त्यास मार्ग दाखवितो. औषध लागल्यास ते मनोविकारतज्ज्ञ देतात.

मराठवाड्यास या शास्त्राची गरज 1993 साली तीव्रतेने जाणवली. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली. वाचलेल्यांना पुढे नवी घरे मिळाली. मनाचा धक्का मात्र विटामातीने भरून येणारा नव्हता. आज छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकविले जाते आणि ‘घाटी’ या नावाने सर्वपरिचित असलेल्या शासकीय रुग्णालयात मनोरुग्णांवर उपचार होतात. 2017 च्या कायद्याने मनोरुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई केली. 2022 पासून 14416 या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.

मुलांनो, वर्गातील एखादा सोबती अबोल झाला, तर त्यास हसू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐकून घ्या आणि गुरुजनांना सांगा. मनाच्या चिकित्सेचा आरंभ आपुलकीने ऐकण्यातच असतो.