बिडी सोडली, तरी खोकला का वाढला?

प्रश्न : वय 60. 30 वर्षांची बिडी महिन्यापूर्वी सोडली, तर खोकलाच वाढला. या वयात सोडून उपयोग काय? – एक वाचक, भालकी (जि. बीदर)

उत्तर : हा खोकला बहुधा सुधारणेचा आहे. धुराने लुळे पडलेले श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. तरीही दोन आठवड्यांवर खोकला टिकला की थुंकीची क्षयतपासणी करायचीच. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. ‘आता उशीर झाला’ हे मात्र मला मुळीच मान्य नाही. ब्रिटिश डॉक्टरांच्या 50 वर्षांच्या पाहणीत (2004) साठीत धूम्रपान सोडणाऱ्यांचेही आयुष्य सरासरी 3 वर्षांनी वाढलेले दिसले. फुप्फुसांची झालेली झीज पुरती भरून येत नाही, हे खरे. पण पुढची झीज मंदावते. फक्त बिडीच्या जागी तंबाखू-चुना मळू नका. तलफ अनावर झाली, तर तंबाखू सोडण्यासाठीच्या 1800-11-2356 या मदतक्रमांकावर फोन करा.