नाल्याला हात लावण्याआधी

पोरा, पोकलेन गावात यायच्या आधी भेटायला आलास, बरं केलंस. सेलू तालुक्यातल्या तामसवाड्यातल्या नाल्याच्या कामाबद्दल ऐकून आपलाही नाला रुंद-खोल व्हावा असं सगळ्यांना वाटतं. वाटणं चूक नाही. गाळाने उथळ झालेला नाला श्रावणात वावरात शिरतो आणि दिवाळीनंतर कोरडा पडतो. 1 किलोमीटर लांब, 10 मीटर रुंद, 1 मीटर खोल खोदलं तर एका भरण्याला 1 कोटी लिटर पाणी मावतं. पण नीट खोदलेला नाला पाणी थांबवतो, चुकीचा खोदलेला तेच पाणी पळवतो. म्हणून एवढं ध्यानात ठेव.

आधी नाला पायी चाल. एकदा भर पावसाळ्यात, एकदा वैशाखात. करंजीच्या फांद्यांत अडकलेला वाळका काडीकचरा पाहा. गेल्या पुराची पातळी तीच. पूर कुठवर येतो हे त्यावरून कळतं, नाल्याची रुंदी त्यावरूनच ठरव.

वळण सरळ करू नकोस. मी तरुणपणी ती चूक केली. वावर चौकोनी दिसावं म्हणून नाल्याची वाट सरळ केली. वळणावर मंदावणारं पाणी थेट धावलं आणि पहिल्याच मोठ्या पुरात खालच्या शेजाऱ्याची थडी कपाशीच्या दोन तासांसकट खचली. त्याने मला शब्दानेही दुखवलं नाही, पण ती खचलेली थडी आजही माझ्या डोळ्यांसमोर येते.

खोली मुरूम पाहून ठरव. जागोजागी चाचणीचे खड्डे घे. काळी माती संपून मुरूम लागला की मूठभर हातात घेऊन दाब. ओलसर असून भुगा झाला तर पाणी तिथून झिरपतं. कुदळ खणखणली की खाली कातळ आला, तिथे थांब. काठावरच्या विहिरींची पाण्याची पातळीही मोजून ठेव. नाला तिच्याखाली नेलास तर विहिरीचंच पाणी नाल्यात उतरेल.

काठ उभा कापू नकोस. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. उभा काठ पहिल्याच पावसाळ्यात ढासळतो. 1 मीटर खोलीला दोन्ही बाजूंनी निदान दीड मीटर उतार सोड.

तळ सलग एकसारखा नको. मध्येमध्ये न खोदलेला पट्टा उंबरठ्यासारखा राहू दे, म्हणजे डोहामागे डोह भरतील. पवनारला धाम नदी पाहा, खडकांच्या आडोशाला पाणी कसं थबकतं. मात्र पुलाच्या आणि बंधाऱ्याच्या पायाजवळ खोदू नकोस.

निघालेला माल काठावर ठेवू नकोस, पाऊस तो परत आत ढकलतो. गाळ वावरात, मुरूम पांदणीवर. वावरातलं पाणी नाल्यात उतरतं तिथे दगड रच, नाहीतर तिथूनच घळ पडेल.

उंबर, करंज, शिंदी यांना धक्का लावू नकोस. त्यांच्या मुळांनीच थडी धरून ठेवली आहे. बेशरम मात्र मुळासकट काढ आणि तुकडे पाण्यात पडू देऊ नकोस, प्रत्येक कांडीला नवा फुटवा येतो.

आणि सगळ्यात आधी टेकडीवर जा. तिथे चर खणले नाहीत, धुरे बांधले नाहीत, तर खालचा डोह दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा गाळाने भरेल. माथा राखला तरच पायथा राहील.

यंत्र निघून गेल्यावर काम संपलं असं समजू नकोस. मृगाच्या पहिल्या पुरानंतर काठावर जा. थडी कुठे कापली, गाळ कुठे बसला, ते पाहून ठेव. पाणी आपली चूक पहिल्याच वर्षी दाखवतं. ती तेव्हाच दुरुस्त केलीस, तर शेजाऱ्याला त्याचं वावर गमवावं लागणार नाही.