रोग्याशी कसे बोलावे?

शास्त्रपाठ : मार्क ५:२५–३४; योहान ९:१–३.
पाठ करण्याचे वचन : नीतिसूत्रे १२:१८.

आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ मुली परिचारिका झाल्या, कित्येक बंधू डॉक्टर व कंपाउंडर झाले, आणि गावोगाव आरोग्यसेविकेचे काम करणाऱ्या भगिनीही आपल्यांत आहेत. हा पाठ प्रथम त्यांच्यासाठी आहे. परंतु ज्याच्या घरी कधी दुखणे आले नाही असे कुटुंब कोठे आहे? म्हणून तो सर्वांसाठीच आहे. नीतिसूत्रकार अविचाराच्या बोलण्याला तलवारीच्या घावाची उपमा देतो, आणि सुज्ञाच्या जिभेत आरोग्य आहे असे शिकवितो. औषधाची बाटली उघडण्यापूर्वी आपले तोंड उघडते. तेथेच रोग बरा होऊ लागतो किंवा चिघळतो.

१. दोष शोधणारा प्रश्न. जन्मांध मनुष्य दिसताच शिष्यांनी विचारिले की, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? त्या मनुष्याला त्यांनी काहीच विचारिले नाही; त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलले. प्रभूने दोन्ही गोष्टी नाकारिल्या, आणि देव आता काय करणार आहे इकडे त्यांचे लक्ष वळविले. ईयोबाच्या मित्रांचेही पाहा. सात दिवस ते त्याजजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर त्यांनी खरे सांत्वन केले. दोष काढावयास तोंड उघडले, आणि ते दुःख देणारे झाले. "इतके दिवस झोपला होता काय?" "दारू प्याल्यावाचून असे होते का?" "तुम्हां लोकांना स्वच्छता कधी कळणार?" अशी वाक्ये आपल्या दवाखान्यांतून आजही ऐकू येतात. ही दिसण्यात प्रश्न आहेत, परंतु खरे पाहता निवाडे आहेत.

२. निवाडा अज्ञानातून निघतो. ज्याला आपले वाडवडील महारोग म्हणत तो कुष्ठरोग घ्या. तो पापाचे फळ किंवा रक्तातला दोष आहे अशी समजूत फार जुनी. सन १८७३ त नॉर्वे देशात हान्सेन ह्यांनी त्याचे जंतू शोधून काढिले. तरी रोग्याची बोटे आपोआप सडतात, किंवा तो निष्काळजी म्हणून जखमा होतात, असे लोक म्हणतच राहिले. मिशनरी आईबापांच्या पोटी तामिळ प्रदेशातील कोल्ली डोंगरांत सन १९१४ त जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड सन १९४६ त वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले, आणि त्यांनी ह्या रोग्यांच्या हातापायांचा बारकाईने अभ्यास केला. तेव्हा स्पष्ट झाले की हा रोग ज्ञानतंतू मारितो. म्हणून तापलेल्या पातेल्याचा चटका हाताला कळत नाही, आणि रुतलेला काटा पायाला कळत नाही. ज्याला आपण निष्काळजी म्हटले त्याच्या घरचा पहारेकरी, म्हणजे वेदना, केव्हाच निघून गेला होता! अशा मनुष्यास रागावून काय उपयोग? त्यापेक्षा तो भांडे कशाने उतरवितो हे विचारावे, आणि रोज संध्याकाळी हातपाय डोळ्यांनी कसे तपासावे हे त्याजजवळ बसून दाखवावे.

३. भीतीमुळे सत्य लपते. रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीला बारा वर्षे झाली होती. पुष्कळ वैद्य झाले, होते नव्हते ते खर्चिले, आणि दुखणे वाढले. नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध (लेवीय १५:२५–२७). म्हणून गर्दीत मागून आली. प्रभु त्या वेळी याईराच्या मरणोन्मुख मुलीकडे निघाला होता. तरी तो थांबला. शिवलीस का, असे त्याने दटाविले नाही. कापत कापत तिने सर्व खरे सांगितले. ते त्याने शेवटपर्यंत ऐकिले, आणि तिला मुलगी म्हणून हाक मारून शांतीने पाठविले. "आम्हांस वेळ नाही," असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

ह्यात रोग्याच्या जिवाचा प्रश्न आहे. कुष्ठरोगाचा आरंभ बहुधा बधिर चट्ट्याने होतो. जागतिक आरोग्य संघटनेने सन १९८१ त सुचविलेली बहुविध औषधे सहा किंवा बारा महिने घेतली असता तो बरा होतो. उपचार सुरू होताच थोड्याच काळात त्याचा संसर्गही थांबतो. परंतु जो बोलणी खाण्यास भितो, तो चट्टा बाहीखाली झाकितो, आणि हात वाकडा झाल्यावर येतो. क्षयाचेही तसेच. साधारणतः सहा महिने औषध घ्यावे लागते. दोन महिन्यांत बरे वाटते आणि गोळ्या सुटतात. "घेतल्या ना गोळ्या?" असे दरडावून विचारिले की रोगी "हो जी" म्हणतो. मग जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि घरातल्या लेकरांनाही तोच हट्टी रोग जडण्याचे भय असते. हेच असे विचारून पाहा : "काका, रोज गोळी घेणे जड जाते, पुष्कळांच्या राहतात. गेल्या आठवड्यात तुमच्या किती राहिल्या?" येथे खरे सांगावयास वाट मिळते.

४. सत्य केव्हा व कसे सांगावे? कोणी म्हणेल, प्रभूने बेथेस्दा तळ्याजवळच्या रोग्यास पापाविषयी बजाविले ना? होय, पण क्रम पाहा (योहान ५:६–१४). प्रथम, बरे व्हावयाचे आहे का, असे विचारिले. मग बरे केले. आणि नंतर मंदिरात भेटल्यावर सावध केले. दारूने यकृत बिघडले असेल तर डॉक्टरांनी ते सांगितलेच पाहिजे. खोटा धीर देणे ही दया नव्हे. मात्र ते इतरांसमोर नव्हे, पडद्याआड सांगावे. अरेतुरे न करिता सांगावे. प्रथम त्याचे ऐकून मग सांगावे. आंधळा बार्तीमय समोर उभा असताही त्याला काय पाहिजे हे प्रभूने त्याच्याच तोंडून ऐकिले (मार्क १०:५१).

आणि मंडळीने काय करावे? दमलेल्या परिचारिकेवर आपणही ओरडू नये. तीही कोणाची लेक आहे. कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवणारा सन १८९८ चा कायदा सरकारने सन २०१६ त रद्द केला. ह्या रोगामुळे पतिपत्नींस सोडचिठ्ठी मिळण्याची तरतूद सन २०१९ त काढून टाकिली. आपणां ख्रिस्ती लोकांस लागू असलेला सन १८६९ चा घटस्फोटाचा कायदाही त्यांत होता. पुस्तकातला कायदा निघावयास ११८ वर्षे लागली. आपल्या जिभेवरचा कायदा आपण केव्हा काढणार?

विचार करण्यासाठी प्रश्न :
(१) त्या स्त्रीने सर्व खरे कशामुळे सांगितले?
(२) आपल्या गावात कोणते दुखणे लोक लपवितात? कोणाच्या बोलण्याच्या भीतीने?
(३) ह्या आठवड्यात कोणत्या रोग्याजवळ बसून, उपदेश न करिता, त्याचे ऐकून घ्याल?

प्रार्थना : हे दयाळू पित्या, तुझ्या पुत्राने आम्हांस दोष लावण्यापूर्वी जवळ घेतले. आमच्या डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या व आम्हां सर्वांच्या मुखाला तसेच बोलावयास शिकीव. आमेन.